फ्रीजात नको

"काका, कुपी कुठं हाये?" प्रयोगशाळेतल्या फ्रीजचं दार उघडं धरून समताने विचारलं.

"हाये ना ताई. तू गावाले गेली आन् मांगून कुरिअरवाला आला. माठाजवळ ठेवली, ओल्या फडक्यात. लेकरावानी सांभाळली."

समताने फडकं सोडलं. कुपी कोमट लागली. मे महिना, त्यात चिखलीचं ऊन. दुपारी माठाचं पाणीसुद्धा नावालाच गार.

"फ्रीजात काऊन नाही ठेवली?"

"घ्या! तिच्यावरच लिहेल हाये. डू नॉट फ्रीज." सुधाकरने एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "फ्रीजात नको म्हंते ना ते?"

"काका, ते बर्फ करू नका म्हंते. फ्रीजात तर ठेवाच लागते."

सुधाकरचं बोट तिथंच राहिलं.

तो उंद्रीचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. पंचक्रोशीत कीर्तन असलं की टाळ घेऊन बुवांच्या मागे उभा. कुपीतल्या अँटिबॉडीचं मर्म त्याला समतानेच सांगितलं होतं. पेशीत प्रथिनांची ही गर्दी. त्यातलं कॅल्शियम धरून ठेवणारं एकच प्रथिन ती ओळखते, त्यालाच जाऊन बिलगते. मग तेवढ्या जागी तपकिरी रंग उमटवता येतो. "म्हंजे जत्रंत हरपलेलं लेकरू मायनं हुडकावं तसं," तो म्हणाला होता. पुढच्या सप्ताहात बुवांनी तो दृष्टांत कीर्तनात घेतला, तेव्हा सुधाकरचा टाळ जरा चढाच वाजला होता.

जूनअखेर समताला प्रबंध द्यायचा होता. दुसरी कुपी परदेशातून यायची म्हणजे पोळा उजाडणार.

"लावून तर पाहू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं, मग सरकून जागा दिली. सुधाकरने चष्मा काढला. उंदराच्या मेंदूचा काप, त्यावर निळे ठिपके. जवस फुलल्यासारखे. नुसते निळेच, तपकिरी एकही नाही.

"माय पोचली नाही," तो म्हणाला.

"नाही पोचली."

बाहेर कूलर घरघरत होता.

"सरले सांगू, कुरिअरच उशिरा आलं," समता म्हणाली.

"कायले वं पोरी? त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय. म्या ठेवली, म्या सांगतो."

तो सरांच्या खोलीत जाऊन आला. मग दोघांनी चहा रोजच्यासारखा अर्धा अर्धा घेतला.

सगळे गेल्यावर त्याने पुठ्ठ्याचा तुकडा कापला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'बर्फ करू नये. फ्रीजातच ठेवावे.' कप्प्यात कुपीची जागा रिकामी होती. तिथं त्याने तो तुकडा उभा केला, आणि आत कुणी निजलेलं असावं तसं दार हलकेच लावलं.