रकाना नसलेलं काम

खालापूरच्या मामलेदार कचेरीत शिरलं की उजव्या हाताला पहिलं टेबल गोपाळकृष्ण दिघ्यांचं. कागदोपत्री ते आवक-जावक कारकून. म्हणजे आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि जाणाऱ्या कागदाला निरोप द्यायचा. हे काम सकाळ-संध्याकाळ मिळून तासाभरात उरकत असे. उरलेला दिवस दिघे बोलत असत.

कुणाशी? दारातून आत येईल त्याच्याशी.

"भाऊसाहेब, सातबारा कुटं गावंल?"

"इथे नाही. तलाठ्याकडे. आणि तलाठी आज चौक गावाला गेलाय, तेव्हा तंगडतोड करू नका, उद्या जा."

"भाऊसाहेब, ह्यो कागुद कसला आलाय बगा."

"हा तुमचा नाहीच. चुलतभावाचा आहे. त्याला नेऊन द्या, आणि द्यायच्या आधी त्याच्याशी बोलायला लागा."

अर्ध्या मिनिटात माणूस मोकळा. दहातले आठ जण असे दारातूनच समाधानाने परत फिरत. आतल्या टेबलांवर त्यामुळे शांतता नांदे, आणि दुपारी तिथे कागदांच्या जोडीने काही कारकूनही निकाली निघालेले असत.

सरकारला अधूनमधून एक शंका येते, की आपण इतकी माणसं नेमली आहेत ती सगळी लागतात का? ही शंका सर्दीसारखी असते, आली तशी जाते. एकोणसत्तरच्या थंडीत मात्र ती छातीत उतरली. मुंबईहून कार्यमापन पथक आलं. पथक म्हणजे एकटे रेगेसाहेब, एक घड्याळ आणि छापील तक्त्यांचे तीन गठ्ठे.

रेगे फार सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना नमस्कार करून सांगितलं, की पंधरा दिवस प्रत्येकाने दर पाव तासाला तक्त्याचं निदान एक घर भरायचं. कोणता कागद हाताळला, त्याचा नंबर, त्यावर कारवाई काय केली. दिवसाची घरं सव्वीस. ज्याची घरं सर्वांत कमी भरतील तो जादा ठरेल, आणि जादा माणसाला पोलादपुरास पाठवण्यात येईल. पोलादपूरची जागा तीन वर्षं रिकामी होती. तिथे नेमलेला प्रत्येक माणूस वाटेतच आजारी पडत असे.

पहिल्या संध्याकाळी दिघ्यांच्या तक्त्यात चार घरं भरली होती. शेजारच्या टेबलावरच्या विष्णू टिपणिसांची सव्वीसच्या सव्वीस. दिवसभरात टिपणिसांकडे कागद आला होता एक. 'वाचला. समजून घेतला. पुन्हा वाचला. मागील संदर्भ आठवून पाहिला. विचाराधीन ठेवला.'

"दिघे, अहो कागद कणकेसारखा असतो," टिपणीस म्हणाले. "मळत राहावं. सोडायचा नाही."

दिघ्यांना मळणं जमेना. त्रेपन्नाव्या वर्षी हात त्या कामाला वळत नाहीत. म्हसळा, श्रीवर्धन, महाड असा सारा कुलाबा जिल्हा फिरून चार वर्षांपूर्वी कुठे ते कर्जतच्या स्वतःच्या घरातून एसटीने कचेरीत येऊ लागले होते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ते ओटीवरून मागच्या दारी आणि मागच्या दारातून ओटीवर येरझाऱ्या घालू लागले.

"अहो, बसा की जरा," विमलताई म्हणाल्या. "आत्ताच सारवलीय जमीन."

"विमल, मी दिवसभर काय करतो गं?"

"मला काय ठाऊक? घसा बसवून येता, त्या अर्थी काहीतरी करत असणार."

"पोलादपूरला जावं लागलं तर?"

"तुम्ही जा. मी पत्र पाठवीन. तुमच्या सवयीसाठी वर नंबर घालीन."

त्या हसल्या. दिघे हसले नाहीत, आणि जेवताना त्यांनी आमटी दोनदा मागून दोन्ही वेळा तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी धीर करून रेग्यांना गाठलं.

"साहेब, काल मी त्रेपन्न माणसांचं काम केलं."

"छान! पुरावा?"

"ती माणसं घरी गेली."

"म्हणजे पुरावा नाही."

"घरी गेली हाच पुरावा, साहेब. नसती गेली तर आत्ता इथे बसलेली दिसली असती."

रेग्यांनी खरोखर विचार केला. तेवढा वेळ त्यांनी घड्याळही थांबवलं.

"दिघे, मला पटतं हो तुमचं. पण तोंडी कामाला रकाना नाही. कागद दाखवा, मी घर भरतो."

दिघे टेबलाशी येऊन बसले, उठले, पुन्हा बसले. इतक्यात कुंभिवलीची मोतीबाई आली. नवऱ्यामागे जमिनीला तिचं नाव लागायचं होतं. दिराने हरकत घेतली होती. तिला एवढंच हवं होतं की चौकशी कधी आहे. तारीख दिघ्यांना तोंडपाठ होती. दोन महिन्यांनंतरची अकरा. सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांच्याच तोंडून त्यांनी ऐकलं:

"मोतीबाई, तसा अर्ज करा."

मोतीबाईने डोक्यावरचा पदर कानामागे सारला. "काय म्हनालात?"

"चौकशीची तारीख कळावी म्हणून अर्ज. लेखी."

"आवो भाऊसाहेब, तुमच्या तोंडाला काय झालं? दाढ दुकते का? चार वर्सं बोलताय की आमच्याशी! आज काय सोन्याचा भाव आला व्हय बोलन्याला?"

"अहो, हळू बोला."

"मी कशाला हळू बोलू? मी काय कारकून हाय?"

शेवटी दिघ्यांनी स्वतःच अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला, नंबर दिला, अव्वल कारकुनांकडे माहितीसाठी पाठवला, तो परत आल्यावर उत्तर लिहिलं, त्याला जावक नंबर दिला आणि तिच्या हातात ठेवलं. अकरा तारीख. सात घरं भरली. मोतीबाई कागद उलटासुलटा करत बाहेर आली आणि तिने व्हरांड्यातल्या येसाजी शिपायाला धरलं.

"ह्यांना काय येड लागलंय का रं?"

येसाजीच्या पोटात कचेरीची एकही गोष्ट टिकत नसे. त्याने पथक, घड्याळ, तक्ता, पोलादपूर, सगळं सांगितलं.

"मंजी कागुद नाय म्हनून भाऊसाहेबाला घालवनार?"

"तसंच की."

"आन कागुद आला तर?"

"तर ऱ्हातील."

"येवडंच ना," मोतीबाई म्हणाली, आणि पदर खोचून चालू लागली.

कुंभिवलीत भाताची झोडणी उरकली होती. शेतात वाल उभा होता, पण वालाला राखणीपलीकडे माणूस लागत नाही. गावाला काम हवंच होतं. शाळेचे गुरुजी देवळात बसले, रविवारभर अर्ज लिहीत राहिले. बाजूच्या चार गावांत निरोप गेला.

सोमवारी अकरा वाजता येसाजीने कचेरीचं दार उघडलं आणि लगेच पुन्हा लावून घेतलं.

"भाऊसाहेब, बाहेर जत्रा हाय."

सगळ्यांत पुढे हिरू म्हात्रे, कुंभिवलीतला जाणता माणूस. त्याने दोन्ही हातांनी अर्ज पुढे केला, सत्यनारायणाचा प्रसाद घ्यावा तसा वाकून.

'माझी म्हैस दोन दिवस वैरण कमी खाते. तरी याबाबत सरकारचे मत काय, ते कळावे.'

"हिरूशेठ, हे काय?"

"प्रस्न हाय आमचा," हिरू गंभीरपणे म्हणाला. "लेकी उत्तर पायजे. म्हशीला वाचून दाकवायचंय."

मागोमाग दुसरा. 'मामलेदारसाहेब सध्या जागेवर आहेत किंवा कसे.' तिसरा. 'मला कोणता अर्ज करावयाचा आहे हे समजण्याकरिता अर्ज.' चौथ्याने लिहून आणलं होतं: 'माझी काहीही तक्रार नाही. तरी नोंद व्हावी.' मोतीबाई रांगेच्या शेवटाला उभी राहून माणसं मोजत होती आणि कुणी निसटू लागला की त्याला शर्टाला धरून परत आणत होती.

दुपारपर्यंत एकशे चाळीस अर्ज. नियम असा, की आलेला प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या टेबलावर अभिप्रायासाठी गेलाच पाहिजे. कोंडवाड्याचा विषय टिपणिसांकडे होता, म्हणून म्हैस त्यांच्याकडे गेली.

"दिघे, मी म्हशीवर काय लिहू?" टिपणीस कळवळले.

"वाचा. समजून घ्या. विचाराधीन ठेवा."

"पण असे एकोणतीस आलेत हो! त्यात दोन बैल, एक कोंबडा!"

आठवडाभर हेच चाललं. कचेरीत दुपारची झोप बंद झाली. रेगेसाहेब घड्याळ घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर धावत होते आणि चेहऱ्यावर संशोधकाचा आनंद होता. दिघ्यांची सव्वीस घरं दुपारी तीनलाच भरत. पुढे पुरवणी जोडावी लागे. सुटले, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण जीव थाऱ्यावर नव्हता. नंबर घालता घालता ते सारखे दाराकडे बघत.

गुरुवारी त्या दारात डोंगरावरच्या वाडीतला वाघ्या नावाचा म्हातारा उभा राहिला. सकाळचा निघून तीन तास चालत आला असणार. हातात कागद नव्हता, नुसता प्रश्न होता. त्याने रांग पाहिली, गठ्ठे पाहिले, खाली मान घालून लिहिणारे दिघे पाहिले. दिघ्यांना दारातली सावली जाणवली होती, पण नंबर पुरा करून त्यांनी मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. ते धावत बाहेर गेले. म्हातारा एसटी थांब्याच्याही पलीकडे पोचला होता. त्याला काय विचारायचं होतं, हे दिघ्यांना कधीच कळलं नाही.

महिन्याभरात अहवाल आला. कचेरीत कामाचा अतोनात बोजा असून कर्मचारी अपुरे आहेत. दोन जादा कारकून मंजूर. आवक-जावकचं पद अत्यावश्यक. श्री. दिघे यांचे परिश्रम प्रशंसनीय. टिपणिसांनी पेढे मागितले, कारण त्यांचंही पद वाचलं होतं. विमलताईंनी देवापुढे साखर ठेवली.

अहवालाच्या शेवटी दोन ओळी होत्या. अर्जाची पद्धत अतिशय शिस्तशीर आढळल्याने ती कायम करावी. तोंडी माहिती देणे तत्काळ बंद करावे.

येसाजीने दिघ्यांच्या डोक्यावर पाटी ठोकली: 'तोंडी चौकशी करू नये. अर्ज करावा. उत्तर पंधरा दिवसांत मिळेल.' दोन नव्या कारकुनांपैकी सहदेव नावाचा, पेणहून आलेला, समोरच्या टेबलावर बसवण्यात आला. त्याचं काम एकच. दिघे तोंडी बोलतात का, हे पाहणं. तक्ताही आता कायमचा झाला, आणि नव्या छपाईत एक रकाना वाढला होता: 'वैयक्तिक – पाणी, तपकीर, इत्यादी.'

दिघे बसून राहू लागले. माणसं येत, पाटीकडे बघत, वाचता येत नसे म्हणून दिघ्यांकडे बघत, आणि दिघे पाटीकडे बोट दाखवत. कुंभिवलीचे लोक आधी हसले. त्यांना वाटलं, अजून तो मुंबईचा साहेब इथेच असेल. मग हसायचे थांबले.

अकरा तारखेला मोतीबाई आली. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"भाऊसाहेब, आज चवकशी. पर कुटं? म्होरल्या खोलीत मला आत सोडंनात, अर्ज दाव म्हनतात."

चौकशी माडीवरच्या मागच्या खोलीत साडेअकराला सुरू झाली होती. तिचा दीर मघाशीच दिघ्यांच्या समोरून आत गेला होता. बारा वाजता हजर नसलेल्याच्या नावापुढे गैरहजर पडणार होतं, आणि जमीन दिराची होणार होती.

सहदेवने पेन उघडलं.

"आवो, बोला ना! आमी येवडा कागुद घातला तुमच्यासाटी!"

दिघ्यांनी पाटीकडे बोट दाखवायला हात उचलला. हात अर्ध्यावर राहिला. खाली घ्यावा तर घेता येईना. मग त्याच हाताने त्यांनी तांब्या उचलला.

"सहदेवराव, पाणी पिऊन येतो. वैयक्तिक."

व्हरांड्यात येताच त्यांनी मोतीबाईचं मनगट धरलं आणि पन्नाशी उलटलेला माणूस जितका पळतो तितके ते पळाले. मागचं दार, जळणाच्या मोळ्या, दुसरा जिना. "आत जा. मी मोतीबाई, हजर, एवढंच म्हणा. मोठ्यांदा." बाराचे ठोके पडायच्या आत आतून असा आवाज आला, की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

परत येऊन त्यांनी तक्त्यात लिहिलं: 'पाणी.'

त्या दिवशी दिघ्यांना आणखी चारदा तहान लागली. दुसऱ्या दिवशी अकरा वेळा. आठवड्यात तालुक्याला कळलं, की भाऊसाहेब आता मागच्या व्हरांड्यातल्या माठापाशी भेटतात, आणि माणसं दारातून न येता कुंपणाच्या बाजूने येऊ लागली. सहदेव नियमाचा माणूस; पाणी पिताना बोलू नये असा नियम त्याला कुठे सापडेना. तो प्रत्येक घोट प्रामाणिकपणे लिहून अलिबागला जिल्हा कचेरीत पाठवत राहिला.

चैत्रात अलिबागहून पत्र आलं. दिघ्यांनीच फोडलं आणि त्याला आवक नंबर दिला.

'सदर कर्मचारी कार्यालयीन वेळेत दररोज सरासरी एकोणीस वेळा पाणी पितो असे निदर्शनास आले आहे. ही बाब चिंताजनक आहे. पंधरा दिवसांत वैद्यकीय दाखला सादर करावा. खालापूरचे पाणी मानवत नसल्यास पोलादपूर येथील रिक्त जागेचा सहानुभूतीने विचार केला जाईल.'

दिघ्यांनी ते दोनदा वाचलं. घसा खरोखरच कोरडा पडला. विमलताईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि पाठोपाठ मागच्या कुंपणाशी कुणीतरी खोकलं. एक बाई होती, डोक्यावर वालाच्या शेंगांची टोपली, हातात घडी घातलेला कागद.

"दिघेसाहेब," सहदेव हळूच म्हणाला, "आज तरी नका पिऊ. आत्ताच पत्र आलंय."

"त्याचं उत्तर द्यायला पंधरा दिवस आहेत," दिघे म्हणाले, आणि तांब्या घेऊन उठले.