उलटे लावलेले झगे

उत्तरानं तिन्ही पुतळे उलटे मांडले होते, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये ती जुने कपडे दुरुस्त करायची. या खेपेला प्रदर्शन होतं शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन विधवांच्या दुखवट्याच्या पोशाखांचं. एकाच बाईचे तीन झगे: एक फिका जांभळा, एक काळ्या रेशमाचा आणि एक काळाठिक्कर, जराही चमक नसलेला. उत्तरानं त्याच क्रमानं पुतळ्यांना चढवले. जांभळा पहिला, काळाठिक्कर शेवटी. त्यात विचार कसला करायचा? नवरा गेला की बाईचे रंग एकेक करून जातात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

म्युझियम चालवणाऱ्या मिसेस व्हेलन आल्या आणि हसतच सुटल्या. "उत्तरा, तू तर तिला परत दुःखात ढकललंस! पहिलं वर्षभर हा काळा. मग रेशीम. शेवटचे सहा महिने जांभळा. की संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे मग हवं ते घालायचं. लाल घाल, पिवळं घाल."

 उत्तराचा नवरा नरेंद्र जाऊन पावणेतीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिनं रंगीत साडी नेसली नव्हती, कुंकू लावलं नव्हतं, कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती. कुणी सांगितलं होतं का? छे! सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आणि येत्या शनिवारी दीपाचं डोहाळजेवण होतं. एकुलत्या एका लेकीनं हट्ट धरला होता, ओटी आईनंच भरायची. उत्तरानं साफ सांगून टाकलं, "माझ्यासारखीनं भरायची नसते गं, बाळाला काही झालं तर? मृणालिनीकाकू भरतील." दीपानं फोन आपटला. चार दिवस झाले, बोलत नव्हती.

उत्तराला एकदम संताप आला. त्या जांभळ्या झग्यावर नाही, स्वतःवर. त्या बाईला निदान तारीख तरी होती!

"आणि मी मूर्ख, कुणीतरी तारीख सांगेल म्हणून वाट बघत बसले," ती मोठ्यानं मराठीत म्हणाली. मिसेस व्हेलनना अक्षरही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

शनिवारी दीपाच्या बेसमेंटमध्ये वीसेक बायका जमल्या. हिरवी साडी नेसून दीपा खुर्चीत बसली होती, आईकडे न बघता. मृणालिनीकाकूंनी ओटीचं तबक उचललं, तशी उत्तरा जेवणाची तयारी सोडून पुढे आली. 

"काकू, द्या ते इकडे."

"अहो, पण..." मागून कुणीतरी पुटपुटलं.

"पण काय? नऊ महिने पोटात वाढवली, तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं!"

 काकूंनी तबक तिच्या हातात ठेवलं. "घे बाई, सुटले! पोरगी सकाळपासून माझ्याकडे अशी बघतेय, की ओटी भरायचीच भीती वाटत होती."

उत्तरानं लेकीला कुंकू लावलं, पदरात नारळ घातला. तांदळाची ओंजळ भरली, पण ती इतकी शिगोशीग की निम्मे दाणे कार्पेटवर गेले. दीपा रडतही होती आणि हसतही होती. "आई, यू आर स्पिलिंग इट!"

"सांडू दे," उत्तरा म्हणाली आणि तिनं दुसरी ओंजळ भरली.