डाव्या हाताची चाल

दवाखान्यात सगळे तिला व्यायामवाल्या ताई म्हणत. अर्धांगवायूच्या झटक्याने लुळे पडलेले हातपाय पुन्हा चालते करणं हे तिचं काम. ज्यांना जिने उतरून येणं जमत नसे, त्यांच्यासाठी ती आणि तिची धाकटी बहीण व्यायामाचे व्हिडिओ करत. ताई कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसून हात वर-खाली करायची. धाकटी ते कापून-जोडून, मागे गाणं लावून इंटरनेटवर टाकायची. गाणं हवंच. नुसतं ‘वर, खाली’ ऐकून माणूस लवकर कंटाळतो. ठेका असला की हात आपोआप त्याच्या मागे जातो.

एक दिवस त्यांचा सगळ्यात जास्त पाहिला जाणारा व्हिडिओ मुका झाला. मागे सिनेमातलं गाणं होतं, त्याच्या मालकांनी हरकत घेतली होती. पुन्हा असं झालं तर चॅनेलच बंद होईल, अशी तंबीही सोबत होती. धाकटी वैतागली. आपण काय गाणं विकत होतो का, लोकांचं भलंच तर करत होतो, असं तिचं म्हणणं. ताईला मात्र ते पटेना. गाणं दुसऱ्याचं, आपण विचारलं नाही, मग त्यांनी बोलू नये तर काय करावं?

मग शोधाशोध सुरू झाली. ‘फुकट संगीत’ ढिगाने सापडायचं, पण खाली बारीक अक्षरांत कुठेतरी मेख असायचीच. कुठे धंद्यासाठी वापरायला बंदी, आणि ताईचा तर दवाखाना. एक धून फार आवडली, तर ती टाकणाऱ्यानेच दुसऱ्याची उचललेली निघाली. काही ठिकाणी परवाना अगदी चोख होता, पण संगीत असं पळायचं की धडधाकट माणसालाही धाप लागावी. बऱ्या होऊ पाहणाऱ्या हाताची गती निराळी असते. तो उठतो, मध्येच अडतो, मग पुढे जातो. तसलं संगीत काही मिळेना. व्यायाम बदलताना वाजवायच्या घंटेचं तेवढं जमलं. धाकटीने स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून मोबाइलवर आवाज टिपला. पेला आपला, चमचा आपला, तेव्हा भांडायला येणार कोण?

ताई ज्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेई, त्यांत एक काका होते. उभा जन्म ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवण्यात गेलेला. झटक्याने उजवा हात गेला, तेव्हापासून कीबोर्डवर चादर पडली होती, आणि तो विषय काढायचा नाही असं काकूंनी ताईला बजावलं होतं. पण एका दुपारी काकांची बोटं मोकळी करता करता ताईने व्हिडिओचं रडगाणं सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, “काका, डाव्या हाताने वाजवाल आमच्यासाठी?”

काकू दारातच थबकल्या. काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“वाजवू तरी काय?” ते म्हणाले. “या बोटांत आहे ते सगळं दुसऱ्यांचं आहे. आयुष्यभर लोकांचीच गाणी वाजवली. माझी स्वतःची म्हणावी अशी एक ओळ नाही, ताई.”

ताई वरमली. परत जाताना वाटभर स्वतःलाच बोल लावत होती.

पुढच्या खेपेला गेली, तर चादर घडी करून बाजूला ठेवलेली. काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं की उठल्यापासून वाजवत असतात, मग ‘हे तर अमक्याचं’ म्हणून मध्येच थांबतात, चिडतात, जेवायला हाक मारली तर ओ देत नाहीत. तक्रारीच्या सुरात कौतुकच जास्त होतं.

असेच बरेच दिवस गेले. मग एकदा काकांनी ताईला समोर बसवलं. उजवा हात मांडीवर ठेवला आणि तो उचलायचा प्रयत्न करू लागले. तो जसा उठेल तसा डावा हात वाजवी. उजवा अडला की सूरही तिथेच रेंगाळे, आणि तो हलला की पुढे सरके. साधीच चाल होती, पण हातासोबत चालणारी. ताईचे डोळे भरून आले. तिने घाईने परवानगीचं बोलणं काढलं: आपण लेखी घेऊ, तुमचं नाव देऊ.

काका हसले. “इतकी वर्षं वाजवलं, पण माझी परवानगी मागणारी तूच पहिली.”

ही चाल नक्की कुणाची नाही ना, हेही तिने भीत भीत विचारलं. काकांनी आधीच जुन्या साथीदारांना फोनवर ती ऐकवली होती. एकालाही ओळखता आली नाही, आणि त्याचा जन्मात पहिल्यांदाच आनंद झाला, असं ते म्हणाले. मग डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

नवा व्हिडिओ गेला. धाकटी धास्तावून पुन्हा पुन्हा बघत होती, पण हरकत आली नाही. एका मुलीने मात्र लिहिलं की बाबा आता व्हिडिओ बंद असतानाही ती चाल गुणगुणत हात उचलतात. ताईने ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि काकूंनाही बोलावून ऐकवायला सांगितलं. दुसऱ्या एका दवाखान्याने ती चाल वापरू का म्हणून विचारलं, तेव्हा काकांनी ऐटीत, विचार करून कळवतो, असा निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी नाव छापायच्या अटीवर होकार दिला.

आता पायांच्या व्यायामाची चाल बांधणं चाललं आहे. त्यासाठी ते ताईला खोलीभर लंगडत फिरायला लावतात.

“हळू,” डावा हात कीबोर्डवर तयार ठेवून ते सांगतात, “पाय अजून विचार करतोय.”