बेरिंगची लस

भाताची थाळी बेरिंगने हुंगली, जिभेचं टोकही न लावता तोंड फिरवलं आणि मोरीच्या उंबऱ्याशी जाऊन पडला. दत्ताराम त्याच्यासमोर उकिडवा बसला होता, तो तसाच बसून राहिला. सकाळीही कुत्र्याने असंच केलं होतं. तेव्हा त्याच्या बायकोने, चंपाने, ते उकाड्यावर ढकललं. आता संध्याकाळ झाली होती, आणि भातात मुद्दाम सुक्या बोंबलाचा तुकडा कुस्करलेला होता. बोंबील सोडणारा कुत्रा तो नव्हता.

"पाणी पिता मां?" चंपाने ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

दत्तारामने भांडं पुढे सरकवलं. बेरिंगने मान न उचलता दोन घोट घेतले.

"पितो."

"मग तां नाय," ती म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली.

'तां' म्हणजे काय, हे त्या घरात सहा दिवस कुणी उच्चारलं नव्हतं. उच्चारायची गरजही नव्हती. शेजवळांच्या पोरीला, मैत्रीला, बेरिंग चावल्यापासून दोघं उठता बसता त्याचाच विचार करत होते.

दत्ताराम साळसकरने सगळा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथ चालवला होता. एका पावसाळ्यात एक पिल्लू गाळ्यात शिरलं, बेरिंगच्या रिकाम्या खोक्यात झोपलं आणि तिथलंच झालं. मालकाने धंदा वसईला हलवला तेव्हा बाकीच्यांनी जुनी अवजारं वाटून घेतली. दत्तारामने कुत्रा घरी आणला. घर तेव्हा असल्फ्याच्या चाळीत होतं. चाळीत कुत्रं कुणाचं, हे विचारायची पद्धत नव्हती. ज्याच्या दारात बसेल त्याचं.

मग चाळ गेली आणि तिच्या जागी चौदा मजली इमारत उभी राहिली. खोली मिळाली, संडास घरात आला, आणि लिफ्टच्या शेजारी काचेच्या पेटीत नियम लागले. कुत्रा साखळीला हवा. खाली नेताना तोंडाला जाळी हवी. लिफ्टमध्ये कुत्रा नको. पालिकेचा परवाना हवा, आणि परवान्यासाठी दरवर्षी रेबीजची लस हवी. नियम वाचला की दत्तारामला वाटायचं, हा आपण आधीच मोडलेला आहे. त्यामुळे तो त्या पेटीकडे बघायचंच टाळायचा.

लस दोन वर्षांपूर्वी दिलेली होती, इमारतीखाली प्राणीमित्र संस्थेची गाडी आली होती तेव्हा. पुढच्या वर्षी तो बेरिंगला शिबिरात घेऊनही गेला होता. तिथे कुत्र्यांचा गोंगाट, रेटारेटी. बेरिंग थरथरायला लागला. पुढच्या रविवारी आणू, म्हणून दत्ताराम परत आला. त्यानंतर ते राहिलं ते राहिलंच.

चावा जिन्यात झाला. लिफ्टमध्ये कुत्रा चालत नाही म्हणून तो बेरिंगला सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरवत होता. म्हाताऱ्या कुत्र्याला धाप लागते म्हणून जाळी खिशात ठेवली होती. चौथ्या मजल्यावर शेजवळांची सहा वर्षांची मैत्री वरून धावत आली आणि तिचा पाय बेरिंगच्या शेपटीवर पडला. बेरिंग वळला. पोरीच्या पोटरीत दात रुतले. सगळं संपलं तेव्हा कुत्राच भिंतीला चिकटून उभा होता आणि लघवी करत होता.

सगळा मजला गोळा झाला. सेक्रेटरी राजेश आला. पोरीची आई प्रियंका तिचा पाय मजल्यावरच्या नळाखाली धरून साबणाने धूत होती. राजेशने सगळ्यांसमोर विचारलं, याला लस दिलीय ना?

"हो," दत्ताराम म्हणाला. "गेल्याच महिन्यात."

आपण हे का बोललो, ते त्याला नंतरही नीटसं सांगता आलं नसतं. नाही म्हटलं असतं तर बेरिंगला त्याच क्षणी ओढून नेतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. प्रियंकाने नळाखालून वर बघितलं होतं. तिचा चेहरा त्या उत्तराने जरा सैल झाला होता. तो चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

इस्पितळात मुलीला टोचलं, जखमेभोवतीही टोचलं. पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा दिल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुत्रा पाळलेला आहे तर दहा दिवस नजरेखाली ठेवा. तो धडधाकट राहिला तर शेवटची इंजेक्शनं लागणार नाहीत. म्हणजे साऱ्या इमारतीच्या वतीने बेरिंगवर नजर ठेवायचं काम दत्तारामवर आलं. राजेश रोज फोन करायचा. दत्ताराम रोज सांगायचा, मजेत आहे, खातोय.

त्या संध्याकाळी बेरिंगने सोडलेला भात ओतून टाकायला दत्ताराम पिशवी घेऊन खाली गेला, तेव्हा लिफ्टपाशी प्रियंका भेटली. कामावरून परतत होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

"काका, बेरिंग ठीक आहे ना?"

"आहे की."

"मग उद्या नाही नेत मैत्रीला. उद्याची तारीख आहे, पण ती इंजेक्शनचं नाव काढलं की पलंगाखाली घुसते. तिच्या बाबाचा पण खाडा होतो ना. आणि तुमच्या कुत्र्याला लस दिलेलीच आहे, मग कशाला पोरीला उगाच टोचत बसायचं?"

दत्तारामने काहीतरी हं केलं. लिफ्ट आली, ती आत गेली, दार लागलं. तो तिथेच उभा होता. हातातल्या पिशवीतून भाताचं पाणी चपलेवर ठिबकत होतं.

घरी येऊन त्याने चंपाला सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"कोणाक काय सांगू नकात," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या पहाटे तेका मनोरीक माझ्या भावाकडे नेवया. थंय मोकळी जागा आसा. हयसर सांगू, साखळी तोडून पळालो. मगे ते आपणच पोरीक सगळी इंजेक्शनं देतीत."

तिने विचार केला होता. कुत्रा वाचेल, पोरगी वाचेल, खोटं उघडं पडणार नाही. दत्तारामलाही क्षणभर ते पटलं. मग त्याला मनोरीची बोट सुटते ती मार्वेची जेट्टी दिसली, बोटीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, मासळीच्या टोपल्या, कुणाच्या तरी मांडीवरचं पोर, आणि मधोमध बेरिंग. आणि त्याला तेच असेल तर?

लहानपणी गावात त्याने एक माणूस बघितला होता. कुत्रं चावून महिने झाले होते, जखम कधीच भरली होती. त्याला गोठ्यात बांधून ठेवलं होतं आणि पाण्याचा तांब्या दिसला की तो ओरडायचा. दत्ताराम तेव्हा मैत्रीएवढाच होता. आईने त्याचे डोळे झाकले होते, पण आवाज थांबवता आला नव्हता.

रात्री त्याने घरातली पोटाची एक गोळी गुळात घालून बेरिंगच्या तोंडात सारायचा प्रयत्न केला. कुत्र्याने जबडा आवळला आणि त्याच्या दोन बोटांवर दात घासले गेले. रक्त आलं. चंपाने ते बघितलं, आणि मनोरीचं नाव पुन्हा काढलं नाही. झोप दोघांनाही लागली नाही.

उजाडल्यावर दत्तारामने पाणी पुढे केलं. बेरिंगने भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठायला गेला तर मागचे पाय फाकले.

दत्तारामने सदरा घातला. चंपा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "जावा. मैत्री ल्हान चेडू आसा."

चौथ्या मजल्यावर दार मैत्रीच्या बाबाने, विकीने उघडलं. अंगात कंपनीचा टीशर्ट होता, एसी दुरुस्तीच्या कामावर निघायच्या तयारीत होता. आत मैत्री स्टुलावर बसून चहात बिस्किट बुडवत होती आणि प्रियंका तिची वेणी घालत होती. या काका, म्हणत विकी बाजूला झाला. दत्ताराम आत गेला नाही.

"बेरिंग कालपासून जेवत नाही," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "आज पाणीही घेत नाही. पाय लटपटतात. पोरीला आज इंजेक्शनला न्या. चुकवू नका."

प्रियंकाचे हात वेणीतच थांबले. "पण लस दिलीय ना त्याला?"

"नाही दिलेली. दोन वर्षं झाली. मी त्या दिवशी खोटं बोललो."

मैत्रीचं बिस्किट चहात तुटून पडलं आणि ती चमच्याने ते शोधायला लागली.

मग विकी बोलला. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "काका, माझी पोरगी आहे ती. तुम्ही चाळीपासून बघताय तिला. आणि कुत्र्यापायी आमच्या तोंडावर खोटं बोललात? आज नसतं ना नेलं आम्ही तिला."

"माहीत आहे. म्हणूनच आलो."

"म्हणूनच आलो," विकीने तेच शब्द परत केले आणि पाठ फिरवून खिडकीशी गेला. त्याने फोन काढला, आणि कामावर येत नाही एवढंच कुणाला तरी सांगितलं.

दत्ताराम म्हणाला, पालिकेला मीच फोन करतो, राजेशलाही मीच सांगतो. तो वळला तेवढ्यात प्रियंकाची नजर त्याच्या बोटांवर गेली. तिने विचारलं हे कशाने झालं, आणि त्याने सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता, तो तिने लपवला नाही.

"पाय धुतला तसा हात धुवा, साबणाने, बराच वेळ," ती म्हणाली. "आणि तुम्ही पण चला इस्पितळात. रिक्षा करतोय आम्ही."

रिक्षात दत्ताराम कडेला बसला. मैत्री आईच्या मांडीवर होती, विकी मोटरसायकलने मागून येत होता. इस्पितळाच्या बाकावर त्यांचे नंबर पाठोपाठ लागले. मैत्रीने सुई बघून हंबरडा फोडला. मग काकांना टोचताना मात्र ती रडायची थांबली आणि डोळे मोठे करून बघत राहिली. दत्तारामने तोंड वाकडं केलं नाही. त्याला ते लागलंच नव्हतं.

पालिकेची गाडी दुपारी आली. पथकातल्या माणसांनी जाळीची काठी आणि पिंजरा काढला. दत्तारामने त्यांना थांबवलं. त्यांचे जाड हातमोजे मागून घेतले, स्वतः बेरिंगच्या तोंडाला पट्टा बांधला आणि त्याला चादरीत गुंडाळून उचललं. राजेश दारात उभा होता. सकाळी फोनवर तो बरंच बोलला होता. आता त्याने लिफ्टचं बटण दाबून दार हाताने अडवून धरलं आणि म्हणाला, "जिन्याने नका नेऊ. या."

सात मजले उतरेपर्यंत बेरिंगचं डोकं दत्तारामच्या कोपरावर होतं. पिंजऱ्यात ठेवल्यावर त्याने एकदा शेपटी हलवली, किंवा दत्तारामला तसं वाटलं. आपल्याला सोबत येता येईल का, असं त्याने विचारलं. येत नाही, असं पथकातल्या माणसाने सांगितलं, पण नीट सांगितलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. कुत्रा गेला होता. तपासणी होईपर्यंत त्याचं शव देता येणार नव्हतं, आणि त्यानंतरही नाही. दत्ताराम बरं म्हणाला. चंपा पदर तोंडाला लावून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

अहवाल यायला आणखी काही दिवस गेले. तेवढ्या दिवसांत दत्ताराम मैत्रीच्या पावलांचा आवाज जिन्यात ऐकला की दारामागे थांबून तो नेहमीसारखा आहे का, हे कान देऊन ऐकायचा. अहवालात रेबीज नव्हता. कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. वय झालं होतं त्याचं. राजेशने फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा दत्ताराम खाली बसला आणि त्याने चंपाला नुसती मानेने खूण केली.

त्या रविवारी सोसायटीची सभा झाली. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. राजेशने ठराव मांडला की, घरात कुत्रा मांजर असेल त्याने दरवर्षी लस दिल्याचं कार्यालयात दाखवायचं, नाहीतर सोसायटीच पालिकेला कळवेल. नवव्या मजल्यावरची शीतल उठली. तिचे दोन पांढरे कुत्रे आहेत, केसाळ. तिचं म्हणणं होतं की एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना का, आम्ही काय गुन्हेगार आहोत? बरीच डोकी दत्तारामकडे वळली. कुणीतरी म्हणालं, ज्याच्यामुळे झालं त्याच्याकडे आता कुत्राच नाही, त्याला काय विचारायचं.

दत्ताराम शेवटच्या ओळीत होता. पलीकडे प्रियंका बसली होती, विकी आला नव्हता.

राजेशने ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा म्हटलं. दत्तारामने हात वर केला. बोटांवरच्या खपल्या अजून गेल्या नव्हत्या. मग पुढच्या ओळीतले एकेक हात वर यायला लागले. राजेशने ते दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा चुकले. ठराव मंजूर झाला म्हणून त्याने सांगितलं, खुर्च्या सरकल्या, लोक चहाकडे निघाले.

प्रियंका उठली. दोन पावलं गेली आणि परत आली.

"काका," ती म्हणाली, "झालं मोजून. हात खाली घ्या."