तीन हरणांचा ठिपका
माझं काम डोळ्यांचं. ॲरिझोनाच्या या वाळवंटात दिवस उगवताना टेकडीवर बसायचं, दुर्बिणीतून हरणं शोधायची आणि दिसतील तिथे नकाशावर ठिपका द्यायचा. ठिपक्यापासून पाच किलोमीटरच्या आत त्या दिवशी लष्कराची विमानं सरावाचे बॉम्ब टाकत नाहीत. हरणांसाठी एवढा कायदा आहे. इथल्या मूळच्या आम्हा ओओडम लोकांच्या थडग्यांसाठी नाही, याचा मला आजही संताप येतो.

त्या दिवशी हिलारिओमामा सोबत आला होता. त्याच्या आईचं थडगं खालच्या कोरड्या ओढ्याकाठी, बॉम्बच्या निशाणाला अगदी लागून. तिला पुरलं आणि वर्षभरात लष्कराने गाव उठवलं. आता मामाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाय सुजलेले. एकदा जाऊन ढासळलेले दगड नीट रचायचे, एवढंच त्याचं मागणं. तिथे जायचा परवाना खिशात होता, पण तो लागू व्हायचा सराव बंद असेल तेव्हाच, आणि सराव महिनाभर थांबला नव्हता.

तासभर दुर्बीण फिरवली. औषधालाही हरीण नाही.

"एवढे चांगले डोळे दिलेत तुला, आणि काहीच दिसत नाही?" मामा म्हणाला.

"दिसली. तीन आहेत," मी म्हणाले आणि ओढ्याकाठी ठिपका दिला.

अकरा वर्षांच्या नोकरीतलं पहिलं खोटं. रेडिओवर कळवलं, सराव रद्द झाला. मामा काठी टेकत उठलासुद्धा. तेवढ्यात हरणांच्या अभयारण्याच्या ऑफिसातून निरोप आला. पाडसांचा हंगाम कालपासून लागलाय, हरणांच्या आसपास माणसांनी फिरकायचं नाही, तिथले परवाने बंद. या नियमाची पाटी दरवर्षी फाटकावर मीच लावते. नेमकी तीच डोक्यातून गेली. एका ठिपक्याने मी विमानं अडवली आणि मामालाही.

मी त्याला सगळं सांगितलं, हरणं नव्हती हेसुद्धा. सांगताना रडू आवरेना. ठिपका खोडला तर परवान्यावरची बंदी उठणार होती, पण विमानंही परत येणार होती.

"खोडू का?" मी विचारलं.

तो पुन्हा खडकावर बसला. एरवी या वेळेला पायाखालची टेकडी हादरते. आज नुसता वारा होता.

"राहू दे," तो म्हणाला. "आपण उतरलो नाही तरी चालेल. आज आईला झोप लागू दे."

दुपारपर्यंत आम्ही तिथेच बसलो. डब्यातल्या, वाळवंटात पिकणाऱ्या तेपारी घेवड्याच्या उकडलेल्या बिया खाल्ल्या, आणि जे काही बोललो ते हळू आवाजात बोललो.