गुड्रुनची जाड फुली

गुड्रुनच्या साठाव्या वाढदिवसाला डेटलेफने तिच्या राइफलवर बसवायला नवी दुर्बीण आणली. नवऱ्याने एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, म्हणून तिने तिथल्या तिथे डोळ्याला लावली. आत नेम धरायची बारीक फुली होती आणि फुलीखाली रेघा, ठिपके, आकडे यांची नुसती खिचडी.

"गोळी किती लांब गेली की किती खाली येते, ते सगळं कळतं यात," डेटलेफ म्हणाला.

"आपण मचाणावरून शेताच्या पलीकडे कधी गोळी घातलीय का?"

"उद्या घालावी लागली तर?"

गुड्रुन हसली आणि दुर्बीण बसवून घेतली. पण त्याच आठवड्यात पंचाईत झाली. ती जंगलाच्या कडेला मचाणावर बसली होती. सूर्य मावळून गेला होता, आणि मक्यातून एक रानडुक्कर निवांत बाहेर येऊन झाडांच्या काळ्या सावलीत माती उकरू लागलं. डुक्कर तिला स्वच्छ दिसत होतं. फुलीच कुठे दिसेना. अंदाजाने गोळी घालायची आणि जनावर जखमी होऊन पळालं तर जिवाला घोर, म्हणून तिने राइफल खाली ठेवली. डुकराचं सावकाश जेवण झालं आणि ते निघून गेलं.

"तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल," घरी डेटलेफ म्हणाला.

"त्याच्या कानावरचे केस दिसले मला. चष्म्याचं नाव काढू नकोस."

शनिवारी दोघं गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेली. मालकीण टीडेबाई दुकानात काहीच दाखवायला तयार नव्हत्या. "दिव्याखाली सगळ्याच फुल्या छान दिसतात. अंधारून येईपर्यंत कॉफी घ्या."

मग तिघं दोन-तीन नुसत्या दुर्बिणी घेऊन मागच्या अंगणात गेली. गर्द कुंपणापुढे टीडेबाईंची काळी बकरी चरत होती. पहिल्या दुर्बिणीत मधोमध लाल दिव्याचा ठिपका होता.

"बकरी गेली कुठे?" गुड्रुनने विचारलं.

"ठिपक्याच्या उजेडाने दिपलात तुम्ही. हे बटण फिरवून कमी करा."

"आता बकरी आली. पण ठिपक्याला शेपूट फुटलंय."

डेटलेफने दुर्बीण ओढून घेतली. "गोल तर आहे. अगदी वाटाण्यासारखा."

"ज्याच्या त्याच्या डोळ्याची तऱ्हा," टीडेबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला तिथे चांदणी दिसते."

दुसऱ्या दुर्बिणीत दिवा नव्हता. डावीकडून, उजवीकडून आणि खालून अशा तीन जाड काळ्या पट्ट्या मध्याकडे येत होत्या आणि मध्ये तेवढी बारीक फुली होती. फुली अंधारात विरली, तरी पट्ट्या कुंपणावरही उठून दिसत होत्या. त्यांच्या मधोमध बकरीचा खांदा धरणं सोपं होतं.

"हीच घेते," गुड्रुन म्हणाली.

"आणि मी दिलेली?" डेटलेफचा चेहरा पडला होता.

"तुझ्या राइफलवर बसव."

"बसवतोच. मला काही अडचण नाही."

दोघांनी चांदमारीच्या मैदानावर जाऊन आपापल्या दुर्बिणींचा नेम जुळवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात संध्याकाळी गव्हाच्या कापलेल्या शेताच्या दोन टोकांना दोघं दोन मचाणांवर बसली. उजेड जवळजवळ संपला तेव्हा डेटलेफच्या बाजूने एक डुक्कर आलं. गुड्रुन कान टवकारून बार ऐकायची वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. डुक्कर धसकटं हुंगत तिच्याकडेच येऊ लागलं. तिने घाई केली नाही. मागे पिल्लं नाहीत, एकटंच तरणं डुक्कर आहे, हे नीट पाहिलं. मग पट्ट्यांच्या मधोमध खांदा धरून चाप ओढला. डुक्कर जागच्या जागी कोसळलं.

डेटलेफ शेत तुडवत आला. शिकाऱ्यांच्या रीतीप्रमाणे त्याने ओकची एक डहाळी तोडून शेवटचा घास म्हणून डुकराच्या तोंडात ठेवली, दुसरी बायकोच्या हातात दिली आणि टोपी काढून तिचं अभिनंदन केलं. तिने डहाळी आपल्या टोपीत खोचली.

"तुझ्या मचाणासमोरूनच गेलं ना ते?" तिने विचारलं.

"गेलं."

"मग?"

"डुक्कर मला स्वच्छ दिसत होतं," डेटलेफ म्हणाला. "शेपूटसुद्धा." मग त्याने डुकराचे मागचे पाय धरले. "चल, ओढायला लाग. काळीज आणि कांदा आज मी परततो."