सात काड्या आणि राखेचा घाटा

मित्रांनो, मी सात काड्यांची एक जुनी जुडी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. वाळवंटातल्या काटेरी झुडपाच्या सात काड्या सोलल्या, घासल्या आणि लोकरीच्या दोऱ्याने कमरेत आवळल्या, की झाले मी. तुमच्याकडे ताक घुसळायला रवी असते, तशी अमेरिकेतल्या आमच्या नवाहो लोकांकडे मी असते. निळ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की मी त्यात उतरते आणि गुठळी होऊ देत नाही. आमची माणसं म्हणतात, ज्या घरात ही जुडी आहे त्या घराच्या दारात भूक उभी राहत नाही.

मला ग्लेनाबाच्या आईने बांधलं. घाटा शिजला की ती मला तशीच माखलेली वर धरायची आणि प्रार्थना पुटपुटायची. ती संपेपर्यंत छोटी ग्लेनाबा मला चाटायला टपलेली असायची. मायलेकी दिवसभर बोलत. त्यांचं बोलणं ऐकत मी घोटत राहिले.

सहाव्या वर्षी ग्लेनाबाला सरकारी माणसांनी निवासी शाळेत नेलं. तिथे आपली भाषा तोंडातून निघाली की तोंड साबणाने धुवायचे. ती सुट्टीत घरी आली, आईने मला तिच्यापुढे धरलं आणि आमच्या भाषेत म्हणाली, “चाट.” पोरीने आधी दाराकडे बघितलं, कोणी येतंय का म्हणून. आपल्याच घरात.

पुढे ग्लेनाबाला मुलगी झाली, वेल्मा. हिला साबणाची चव कळता कामा नये, असं ग्लेनाबाने ठरवलं आणि वेल्माशी ती पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच बोलली. घाटा बंद झाला. मी चुलीमागच्या खिळ्यावर तीस वर्षं सुकले आणि तिथेच मला भेगा पडल्या. लोक म्हणतात, या आयांनी भाषा टाकली. खोटं आहे. टाकली नाही, भीतीने लपवली. दोष द्यायचाच असेल तर साबणवाल्यांना द्या.

मग एके दिवशी ग्लेनाबाची चुलतबहीण नानाबा दारात उभी राहिली.

“जीभ गंजायला ठेवलीयस का गं? मी पाळणाघर काढतेय. दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची पोरं. उंबऱ्याच्या आत इंग्रजी बंद.”

“मला शिकवता येत नाही,” ग्लेनाबा म्हणाली.

“तुला शिकवायला सांगतंय कोण? लंगोट बदल, नाकं पूस आणि आपल्या भाषेत बोलत राहा. तोंडाचा पट्टा तर तुझा जन्मापासून चालू आहे.”

ग्लेनाबा गेली, आणि जाताना तिने मला खिळ्यावरून काढलं.

त्या पाळणाघरात मी पुन्हा रोज घाटा घोटू लागले. बारा पोरं आमच्या भाषेत रडायची, भांडायची, एकमेकांना नावं ठेवायची. त्यात वेल्माची मुलगी शांडिनही होती, दोन वर्षांची. वेल्मा रोज तिला सोडायला यायची आणि उंबऱ्याबाहेरच थांबायची. एकदा तिथूनच ती आईला इंग्रजीत म्हणाली, “मला नाही दिलीस. हिला देतेस.” ग्लेनाबाने शांडिनची टोपी सरळ केली आणि तिला घेऊन ती आत आली.

आणि मग सरकारी तपासणीच्या बाई आल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या. पण हातात कागद होता, आणि कागदात आम्ही कुठेच बसत नव्हतो. स्वयंपाकघरात त्यांनी आधी मला पाहिलं, मग राखेचा डबा उघडला. ज्युनिपर नावाच्या सदाहरित झाडाची पानं जाळून, चाळून केलेली ती राख. चमचाभर घातली की घाटा खरा निळा होतो आणि हाडं घट्ट होतात.

बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. ग्लेनाबा मला हातात घेऊन तरातरा चालत उंबऱ्याबाहेर गेली. आत इंग्रजी बंद म्हणजे बंद. बाईंना तिच्या मागोमाग अंगणात यावं लागलं.

“तुम्ही मुलांना राख खाऊ घालता?”

“चाळून घालतो.”

“दूध का देत नाही?”

“देतो की. पण गाई इथे आल्या त्याच्या आधीही आमच्या लोकांना हाडं होती, बाई.”

आतून नानाबाच्या हसण्याचा आवाज आला.

“राखेचं मी वर विचारीन,” बाई म्हणाल्या. “पण ही जुडी चालणार नाही. शुक्रवारपर्यंत काढून टाका, नाहीतर स्वयंपाकघर बंद होईल. स्वयंपाकघर बंद झालं की पाळणाघरही बंद. आणि मुलांच्या कानावर थोडं इंग्रजीही पडू द्या. पुढे शाळेत अडतील बिचारी.”

वेल्मा तेव्हा फाटकाशीच उभी होती. ती पुढे आली.

“मला हिने अगदी तुमच्या कागदाप्रमाणे वाढवलं,” ती म्हणाली. “डब्यातलं दूध आणि इंग्रजी. मी कुठेही अडले नाही. फक्त माझी आई आणि माझी मुलगी बोलायला लागल्या की मी मधे दगडासारखी बसते. हे कुठल्या रकान्यात लिहाल?”

ग्लेनाबाने खाली बघितलं. मी तिच्या मुठीत होते.

“नियम मी केलेले नाहीत,” बाई म्हणाल्या.

“वाचता तर येतात ना? मग वाचा. लाकूड नको म्हणतात, की भेगा नकोत म्हणतात?”

बाईंनी कागद चाळला. दोनदा चाळला. “भेगा पडलेलं लाकूड नको.”

“बस्स,” वेल्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पाळणाघर कोरड्या ओढ्याकडे निघालं. चालणारी पोरं पायी, न चालणारी पाठीवर. झुडूप तोडण्याआधी त्याला काय म्हणायचं, हे ग्लेनाबाने सांगितलं आणि पोरं तिच्यामागून बोलली. मग काड्या सोलणं सुरू झालं. नानाबा सगळ्यांना चिडवत फिरत होती. “ही काडी आहे का खांब? हिने घाटा घोटणार, की मेंढ्या हाकणार?”

वेल्मानेही सात काड्या सोलल्या. दोरा हातात धरून ती आईजवळ बसली आणि आमच्या भाषेत, अडखळत, एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत म्हणाली, “आई, कसं बांधायचं?”

वाक्य मोडकंच होतं. ग्लेनाबाने ते दुरुस्त केलं नाही. तिने लेकीची बोटं धरली, दोरा गुंडाळला आणि प्रत्येक वेढ्याला ती बोलत राहिली. तीस वर्षांचं बोलणं एका गाठीत मावत नाही, मित्रांनो. पण गाठ बसली.

शुक्रवारी बाई आल्या तेव्हा ओट्यावर तेरा जुड्या होत्या, प्रत्येक पोरामागे एक आणि वेल्माची एक. पांढऱ्या, ओल्या, एकीलाही भेग नाही. त्यांनी एकेक उचलून पाहिली आणि सही केली.

“जेवून जा,” नानाबा अंगणात येऊन म्हणाली. “पण आत गप्प बसावं लागेल.”

बाई आत आल्या आणि चकार शब्द न काढता दोन वाट्या घाटा खाऊन गेल्या. राखेबद्दल वरून अजून उत्तर आलेलं नाही. घाटा रोज होतो.

मला एका संग्रहालयाने मागितलं होतं. काचेच्या पेटीत ठेवणार होते, खाली नाव लिहून. ग्लेनाबाने निरोप धाडला, “मेलेल्याला पेटी लागते.” मी आता वेल्माच्या घरी असते. तिथे भेगांना कोणाची परवानगी लागत नाही. वेल्माच्या घाट्यात अजून गुठळ्या होतात आणि शांडिन तिला ओरडते. आमच्या भाषेत.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. आमची भाषा किती गोड, किती जुनी, असं म्हणत हळहळायला कोणी येऊ नका. आम्हाला जपायलाही येऊ नका. भूक लागली असेल तर या. खाली बसा, वाटी पुढे करा आणि आमच्या भाषेत मागा.